मेद की दाह? : रोहिणीच्या भिंतीतील एका वादाचा इतिहास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गोष्ट. पुढे देवीच्या लसीमुळे जगद्विख्यात झालेला एडवर्ड जेन्नर हा इंग्रज वैद्य हृदयशूळाने मरण पावलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन करीत होता. हृदय आडवे चिरत असता त्याची सुरी एका कठीण, कणीदार वस्तूवर अडली आणि तिच्या धारेला खाच पडली. जेन्नरने वर पाहिले. छत जुने होते, त्याचे पोपडे सुटत होते. गिलाव्याचाच तुकडा खाली पडला असावा, असे त्याला क्षणभर वाटले. नीट निरखल्यावर उलगडा झाला, की वरून काहीच पडलेले नव्हते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्याच हाडासारख्या टणक झाल्या होत्या.

हा प्रसंग जेन्नरने आपला मित्र केलेब पॅरी याला कळवला आणि पॅरीने तो १७९९ साली आपल्या ग्रंथात छापला. तोपर्यंत जेन्नरने त्याची उघड वाच्यता केली नव्हती, याचे कारण शास्त्रीय नव्हते. त्याचे गुरू जॉन हंटर यांना याच रोगाची लक्षणे दिसत होती आणि आपले निदान त्यांच्या कानी जावे, हे शिष्याला नको होते. १७९३ साली लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका वादळी बैठकीत हंटर कोसळले आणि गेले. शवविच्छेदनात त्यांच्याही हृदयाच्या रोहिण्या तशाच टणक झालेल्या आढळल्या.

जेन्नरने छताकडे टाकलेली ती नजर आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. रोहिणीच्या भिंतीत काहीतरी परके सापडले की मनुष्य प्रथम विचारतो, हे बाहेरून आले की इथेच निपजले? पुढची दोन शतके वैद्यकाने हाच प्रश्न निरनिराळ्या परिभाषांत विचारला. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासात डोकवावे असे आम्हांस वाटते, त्याचे कारण या वादात शब्दांनी बजावलेली भूमिका लहान नाही. एकच संहिता समोर ठेवून दोन पंडितांनी दोन अर्थ लावावेत, एक अर्थ शतकभर राज्य करावा आणि दुसरा अडगळीत जाऊन पुन्हा परत यावा, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. इथे ती संहिता माणसाच्या शरीरात आहे, एवढाच फरक.

आरंभ नावापासून करू. ग्रीक भाषेत ‘अथेरे’ म्हणजे भरडलेल्या धान्याची लापशी. रोगट रोहिणी चिरल्यावर आतून निघणारा पिवळसर, मऊ लगदा पाहून अठराव्या शतकात अल्ब्रेख्त फॉन हालरने त्याला ‘अथेरोमा’ म्हटले. पुढे १८३०च्या आसपास स्ट्रासबुर्गच्या लोब्श्टाइनने रोहिणीच्या कठीणपणावर बोट ठेवून ‘आर्टेरिओस्क्लेरोसिस’ हा शब्द घडवला. १९०४ साली लाइप्झिगच्या फेलिक्स मार्शांडने लापशी आणि कठीणपणा यांचा समास करून ‘अथेरोस्क्लेरोसिस’ हे आज रूढ असलेले नाव दिले. आपल्या परिभाषाकारांनी ‘रोहिणीविलेपी विकार’ असा पर्याय योजला. विलेप म्हणजे लेप, लेपन. शब्द सुबक आहे, पण तो एक चित्र मनात उभे करतो. चुलीच्या धुराड्याला आतून काजळी धरावी किंवा नळाच्या आतल्या बाजूला क्षार बसावेत, तसा रोहिणीच्या पृष्ठभागावर मेदाचा लेप चढतो, असे ते चित्र. हे चित्र चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे १८५६ सालीच सांगून झाले होते.

ते सांगणारा होता रुडॉल्फ फिर्खो. त्याच्या समोर होता व्हिएन्नाचा कार्ल फॉन रोकितान्स्की. हजारो शवविच्छेदनांचा अनुभव गाठीशी असलेल्या रोकितान्स्कीचे म्हणणे असे, की रक्तातील द्रव्ये, विशेषतः गुठळी घडवणारे तंतुद्रव्य, रोहिणीच्या आतल्या पृष्ठभागावर बसते आणि पुढे त्याचेच रूपांतर या लगद्यात होते. दाहाच्या खुणा त्यालाही दिसल्या होत्या, परंतु त्या त्याने दुय्यम मानल्या. फिर्खोने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ते वेगळेच. लगदा पृष्ठभागावर नव्हता. वरचे पापुद्र्यासारखे अस्तर अनेकदा शाबूत होते आणि विकृती त्याच्या खाली, भिंतीच्या पोटात होती. रक्तातील द्रव भिंतीत मुरतो, तिथल्या पेशी चेततात, वाढतात आणि अखेरीस मेदाने भरून झडतात, असा क्रम त्याने मांडला. या साऱ्याला त्याने नाव दिले ‘एंडआर्टेरायटिस डिफॉर्मान्स’. यातला ‘आयटिस’ हा प्रत्यय वैद्यकात दाह सुचवतो.

इथे एका तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. फिर्खोच्या मांडणीत रक्तातून येणारा पदार्थही होता आणि भिंतीची प्रतिक्रियाही. त्याच्यापुरता हा वाद ‘मेद की दाह’ असा नव्हताच. ती फाळणी पुढच्यांनी केली. मार्शांडचा शब्द रूढ झाला तेव्हा ‘आयटिस’ जाऊन ‘ओसिस’ आला. हा प्रत्यय एक स्थिती, एक झीज, एक परिवर्तन सुचवतो. त्यात शरीराने कशाला तरी उत्तर दिल्याची सूचना नाही. नाव बदलल्यामुळे मत बदलले, असे आम्ही म्हणणार नाही. मत बदलत होते म्हणूनच ते नाव टिकले. पण एकदा नाव टिकल्यावर फिर्खोचा अर्ध्याहून अधिक सिद्धान्त विद्यार्थ्यांच्या नजरेआड गेला, एवढे खरे.

दाहाचा सिद्धान्त मागे का पडला? त्याचे खंडन कोणी केले म्हणून नव्हे. रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली आहेत: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. गळवात ती चारही दिसतात. रोहिणीच्या भिंतीत यांपैकी एकही दिसत नाही; दशकानुदशके तिथे जे चालते ते माणसाला कळतदेखील नाही. शिवाय दाह मोजण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. मेदाचे तसे नव्हते. पित्ताच्या खड्यांत सापडणाऱ्या एका मेणचट पदार्थाला फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरलने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पित्त आणि घन या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून नाव दिले होते. तेच आजचे कोलेस्टेरॉल. १९१० साली अडोल्फ विंडाउसने रोगट महारोहिणीत हा पदार्थ निरोगी महारोहिणीच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक असल्याचे तोलून दाखवले. जे तोलता येते त्याची बाजू वादात नेहमीच जड होते.

त्यानंतर आले ससे. त्यांची कथा थोडी विनोदी आहे. रोगजंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींचा शोध लावणारा एली मेचनिकॉव असे मानी, की प्राणिज प्रथिनांच्या अतिरेकाने वार्धक्य लवकर येते. ही कल्पना पडताळण्यासाठी सेंट पीटर्सबर्गमध्ये इग्नातोव्स्कीने १९०८च्या सुमारास सशांना मांस, अंडी आणि दूध खाऊ घातले. सशांच्या महारोहिणीत विकृती निर्माण झाली. दोष प्रथिनांचा, असे वाटले. मग त्याच शहरात कोणी अंड्याचा पांढरा आणि पिवळा भाग वेगवेगळा खाऊ घालून पाहिला, तेव्हा पिवळा बलक दोषी ठरला. अखेर १९१३ साली निकोलाय अनिच्कोव आणि त्याचा सहकारी खालातोव यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले. विकृती तीच. अनिच्कोव तेव्हा तिशीच्याही आत होता.

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवले की रोहिणीचा विकार होतो, हे अनिच्कोवने सिद्ध केले, असे सर्वत्र लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याने आणखी काही पाहिले होते. भिंतीतले कोलेस्टेरॉल मोकळे पडलेले नव्हते. मोठाल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशींच्या पोटात ते भरलेले होते. या पेशींना त्याने भक्षकपेशी असेच म्हटले. आज त्यांना फेनपेशी म्हणतात. म्हणजे मेदाच्या सिद्धान्ताचा जो मूळ पुरावा, त्याच काचपट्टीवर रोगप्रतिकारक यंत्रणाही हजर होती. वाचणाऱ्यांनी निम्मेच वाचले.

अर्थात ते निम्मेही सहजासहजी मान्य झाले नाही. ससा शाकाहारी, त्याला कोलेस्टेरॉल चारणे हाच अन्याय, असा आक्षेप निघाला. उंदीर आणि कुत्रे तोच आहार खाऊन धडधाकट राहिले, कारण त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल तेवढे वाढतच नव्हते. शतकाच्या मध्यावर चित्र पालटले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांना वर्षानुवर्षे तपासले जाऊ लागले आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हृदयविकाराच्या आधी चालते, हे दिसून आले. १९५०च्या सुमारास जॉन गॉफमनने दाखवले, की कोलेस्टेरॉल रक्तात सुटे फिरत नाही. प्रथिनांनी बांधलेल्या निरनिराळ्या घनतेच्या कणांतून ते वाहिले जाते. १९७३-७४ मध्ये डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल हा कण रक्तातून उचलून पेशीत नेणारा ग्राहक शोधला. १९८५ साली त्यांना नोबेल मिळाले. ज्या मुलांना हा ग्राहक आईवडिलांकडून दोन्ही बाजूंनी सदोष मिळतो, त्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासून कित्येक पट असते आणि हृदयविकार त्यांना बालपणीच गाठतो. ना तंबाखू, ना उतारवय, ना रक्तदाब. मेद हे केवळ सोबतीला दिसणारे लक्षण आहे असे म्हणणाऱ्यांना ही मुले निरुत्तर करतात.

याच काळात जपानमध्ये अकिरा एंडो हजारो बुरशी तपासत होता. क्योटोच्या एका धान्यदुकानातील तांदळावरच्या निळ्याहिरव्या बुरशीत त्याला यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. त्या वाटेने स्टॅटिन वर्गाची औषधे आली; पहिले १९८७ साली अमेरिकेत मान्य झाले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिमव्हास्टॅटिनने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटवले. खटला निकालात निघाला, असे बहुतेकांना वाटले.

पण एक गाठ सुटायची राहिली होती, आणि ती ब्राउन व गोल्डस्टीन यांच्याच टेबलावर होती. ज्या मुलांमध्ये एलडीएलचा ग्राहक मुळी नाहीच, त्यांच्या रोहिण्यांतील फेनपेशींनी एवढे कोलेस्टेरॉल गिळले कुठल्या वाटेने? १९७९ साली त्यांनी दाखवले, की भक्षकपेशी निर्मळ एलडीएल फारसे घेतच नाहीत. रासायनिक बदल झालेले एलडीएल मात्र त्या वेगळ्या दाराने आत घेतात, आणि या दाराला ‘पुरे’ म्हणणे माहीत नाही. भक्षकपेशी नासलेले आणि परके वाटणारे उचलण्यासाठीच घडलेल्या असतात. रोहिणीच्या भिंतीत अडकून बदललेला मेदकण त्यांना तसाच वाटतो. मेद आणि दाह यांची भेट झाली ती या दारात.

मग पुरावे भराभर जमू लागले. सिॲटलचा रसेल रॉस, मूळ शिक्षणाने दंतवैद्य, १९७०च्या दशकापासून सांगत होता, की हा विकार म्हणजे भिंतीला झालेल्या इजेचे उत्तर आहे. १९८६ साली स्वीडनमधील संशोधकांना मानवी रोहिणीच्या विकृतीत टी-पेशी आढळल्या. म्हणजे तिथे केवळ सफाई चालू नव्हती, प्रतिकाराची पुरती फौज आली होती. १९९५ साली एक बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल जन्मतःच अतिशय वाढलेले असे उंदीर घेतले आणि भक्षकपेशी घडण्यास लागणारा एक घटक त्यांच्यात उपजतच नसेल अशी पैदास केली. त्यांचे कोलेस्टेरॉल आणखी वाढले, तरी रोहिण्यांतील विकृती मात्र कमी झाली. जळण होते, पण पेटवणारे नव्हते. १९९९च्या जानेवारीत रॉसने आपल्या प्रसिद्ध लेखाच्या शीर्षकातच या विकाराला दाहजन्य व्याधी म्हटले. त्याच वर्षी तो वारला. फिर्खोचा ‘आयटिस’ १४३ वर्षांनी परत आला होता.

२०१० साली या कथेत आणखी एक दुवा सापडला. कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म, सुईसारखे स्फटिक भक्षकपेशीत शिरले की पेशीच्या आतील एक गजर वाजतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा दाहाचा दूत बाहेर पडतो, असे प्रयोगांती दिसले. मेदच दाहाला आवतण देतो, हे इतके स्पष्ट पूर्वी कोणी दाखवले नव्हते.

आता प्रश्न माणसांचा होता. २०१७ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकीत २७,५६४ रुग्णांवर, बहुधा स्टॅटिन चालू असतानाच, एलडीएल आणखी खाली आणणारे इव्होलोक्युमॅब हे इंजेक्शन पारखले गेले. दाहाचा रक्तातील निर्देशांक, सीआरपी, त्याने हलत नाही. दुसरीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखणारे कनाकिनुमॅब पारखले गेले. त्याने कोलेस्टेरॉल खाली येत नाही. एकीत फक्त मेद हलला, दुसरीत फक्त दाह. पहिलीत हृदयविकाराच्या मुख्य घटना १५ टक्क्यांनी घटल्या. दुसरीत, मधल्या मात्रेवर, १५ टक्क्यांनीच. दोन्ही आकडे सारखे यावेत हा योगायोग आहे, त्यातून गणिती समता काढू नये. पण दीडशे वर्षे ‘हे की ते’ असे विचारणाऱ्या वादाला याहून सरळ उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तथापि दाहाच्या बाजूने जल्लोष करण्याचे कारण नाही. कनाकिनुमॅब घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्युसंख्येत फरक पडला नाही. जी आग रोहिणी पोखरते तीच जंतूंपासून राखणही करते. पुढे संधिवातावरील मेथोट्रेक्सेट या कामी निरुपयोगी ठरले. गाउटवरचे जुने औषध कोल्चिसिन २०२०च्या एका चाचणीत ५,५२२ रुग्णांवर चांगले ठरले आणि २०२३ साली अमेरिकेत या कामासाठी मान्यही झाले. पण २०२४ साली झटक्यानंतर लगेच ते देऊन पाहिलेल्या सात हजारांवर रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. हेच द्रव्य आपल्या रानातील विषारी कळलावीतही असते, आणि कळलावीचे संस्कृत नाव अग्निशिखा आहे. नावाच्या मोहाने कोणी ती चाखू नये. तिच्या विषाने माणसे मेलेली आहेत.

हा सारा इतिहास आम्ही मांडला त्यामागे एक निकटचे कारण आहे. आमच्या अध्यापककक्षात दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. पहिले: ‘ब्लॉकेज किती टक्के निघाले?’ दुसरे: ‘कोलेस्टेरॉल हे सगळे थोतांड आहे, खरा रोग दाहाचा, आम्ही गोळ्या सोडल्या.’ दोन्ही वाक्यांमागे एकेक रूपक आहे. पहिल्यामागे नळ आहे. नळ जितका तुंबलेला तितका धोका, आणि नळ मोकळा केला की रोग गेला! वस्तुतः बरेच झटके फारशा न अरुंदलेल्या जागीच येतात. भिंतीच्या पोटातील दाहाने वरचे आवरण पातळ होते, ते फाटते, आतला लगदा रक्ताला भिडतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. झटका आलेला असताना ती वाट तातडीने उघडणे जीव वाचवते, यात शंका नाही. परंतु प्रकृती स्थिर असलेल्या ५,१७९ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट वा शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. टक्केवारी विचारणाऱ्या माणसाला भिंतीची चौकशी सुचत नाही, कारण त्याच्या भाषेत भिंत नाहीच, फक्त पोकळी आहे.

दुसरे वाक्य अधिक घातक आहे, कारण त्याला विद्वत्तेचा वास येतो. दाहाचा शोध लागला म्हणून मेद निर्दोष ठरला, असे या इतिहासात कुठेही घडलेले नाही. भक्षकपेशी हटवलेल्या उंदरांचा प्रयोग आम्ही वर सांगितला. त्याची दुसरी बाजू अशी, की कोलेस्टेरॉल वाढवल्याशिवाय उंदराला हा विकार जवळजवळ होतच नाही. रॉसनेही मेदाला वगळले नव्हते. नवा अर्थ सापडला की जुना अर्थ खोटा ठरवण्याची घाई समीक्षेत केवळ हास्यास्पद ठरते. इथे ती जिवावर बेतते. औषध सुरू ठेवायचे की थांबवायचे, हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावयाचा आहे, एका प्रत्ययाच्या पुनरागमनावरून नव्हे.

‘विलेपी’ हा शब्द आता बदलावा, असा आमचा आग्रह नाही. परिभाषा एकदा रुळली की तिच्यातील चुकाही तिच्यासोबत नांदतात. वर्गात हा शब्द आलाच, तर विद्यार्थ्यांना एवढे अवश्य सांगावे, की हा लेप भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. आणि तो केवळ साचत नाही, त्याला शरीर उत्तर देत असते. जेन्नरने वर पाहिले आणि मग पुन्हा खाली पाहिले. त्याच्या निदानाची सारी किंमत त्या दुसऱ्या पाहण्यात आहे.